चढावरची मालमोटार

नवें वाहन बाजारांत येण्यापूर्वीं त्याची परीक्षा कोठें होते, असें विचारल्यास आमचे बहुतेक वाचक 'कारखान्यांत' असेंच उत्तर देतील. आणि तें निम्मेंच खरें आहे. कारखान्याच्या आवारांतील खाजगी धांवपट्टीवर जी परीक्षा होते ती शाळेंतील सहामाहीसारखी असते. प्रश्न काढणाराही घरचा आणि तपासणाराही घरचा. खरी परीक्षा सार्वजनिक रस्त्यावर होते. तेथें पाऊस, धूळ, खड्डे, चढउतार आणि मागून येणारा उतावळा मोटारवाला हे सारे परीक्षक असतात व त्यांपैकीं कोणीही कंपनीचा पगार खात नाहीं. म्हणून मोटारी बनविणाऱ्या लहानमोठ्या सर्व कंपन्यांना आपलीं अप्रकाशित वाहनें केव्हांना केव्हां तरी चारचौघांच्या रस्त्यावर आणावींच लागतात. आणि तीं आलीं कीं त्यांना पाहणाराही कोणी तरी भेटतोच.

या पाहणाऱ्यांचा एक निराळा पंथच पश्चिमेकडे तयार झालेला आहे. आपल्याकडे पक्षिनिरीक्षक जसे पहांटे दुर्बीण घेऊन तळ्याकांठीं जाऊन बसतात, तसे हे लोक हमरस्त्यावरील पुलावर, चार्जिंगच्या अड्ड्यावर किंवा एखाद्या घाटाच्या वळणावर कॅमेरा घेऊन उभे असतात. पूर्वीं हा थोड्या व्यावसायिक छायाचित्रकारांचा उद्योग होता. अमेरिकेंतील जिम डन या गृहस्थांनीं त्यांत मोठें नांव मिळविलें. एका बड्या कंपनीच्या चांचणीक्षेत्राला लागून असलेला जमिनीचा तुकडाच त्यांनीं विकत घेतला व स्वतःच्या जमिनीवर उभें राहून ते राजरोस छायाचित्रें घेऊं लागले, अशी त्यांची ख्याति आहे! ब्रेंडा प्रिडी या बाईंनीं ॲरिझोनाच्या वाळवंटांत हेंच काम पुष्कळ वर्षें केलें. वाळवंटच कां, असें कोणी विचारील. त्याचें कारण असें कीं, आपल्या गाडीला ताप कितपत सोसतो हें पाहण्यासाठीं कंपन्या मुद्दाम उन्हाळ्यांत तिकडे जातात. कॅलिफोर्नियांतील डेथ व्हॅली, म्हणजे मृत्यूची दरी, ही त्यांची आवडती जागा. तेथें १९१३ सालीं ५६ अंश सेंटिग्रेडच्याही वर पारा चढल्याची नोंद आहे. आतां प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा असल्यामुळें हा उद्योग कोणा एकाचा राहिलेला नाहीं. शाळेंत मुलाला पोहोंचवून परत येणारी गृहिणीही वाटेंत कांहीं विचित्र दिसलें तर त्याचें चित्र घेते व संध्याकाळपर्यंत तें चित्र जगभर पोहोंचतें.

गेल्या कांहीं वर्षांत या लोकांचें सर्वांत अधिक लक्ष वेधून घेतलें तें विजेवर चालणाऱ्या मालमोटारींनीं. येथें एक खुलासा अवश्य आहे. आपण ज्यास पिकअप म्हणतों त्या उघड्या पाठीच्या गाडीलाही अमेरिकन लोक ट्रकच म्हणतात आणि अठरा चाकांच्या अजस्र मालवाहू गाडीलाही ट्रकच म्हणतात. या दोन्ही जातींच्या विजेच्या गाड्या बाजारांत येण्याआधीं वर्षानुवर्षें रस्त्यावर दिसत होत्या. परंतु आमच्या मतें खरी मौज व खरा प्रश्न दुसऱ्या जातीविषयींचा आहे.

ही गाडी ओळखतात तरी कशी? तर्कसंग्रहाचीं पहिलीं पानें ज्यांनीं बालपणीं घोकलीं आहेत त्यांना डोंगर, धूर आणि अग्नि यांचें तें जुनें उदाहरण आठवत असेलच. डोंगरावर धूर दिसला कीं तेथें अग्नि असलाच पाहिजे, असें अनुमान आपण करतों. येथें गंमत अशी कीं, मालमोटार घाट चढत आहे आणि धूर मुळींच नाहीं! तेव्हां तिच्या पोटांत डिझेल जळत नसावें असा तर्क कोणीही करील. परंतु शास्त्रकार येथें लगेच हात धरतात. धूर असेल तेथें अग्नि असतो हें खरें. पण धूर नसेल तेथें अग्नि नसतोच असें नव्हे. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यांत अग्नि असतो व धूर नसतो. म्हणून जाणता निरीक्षक एका खुणेवर विसंबत नाहीं. चालकाच्या खोलीमागें आकाशाकडे तोंड केलेला धुराड्याचा नळ आहे कीं नाहीं, समोर वारा घेणारी मोठी जाळी आहे कीं तोंड सपाट मिटलेलें आहे, चढावर डिझेलच्या घरघरीऐवजीं बारीक किणकिण ऐकूं येते काय, नंबराची पाटी सामान्य आहे कीं उत्पादकाला मिळणारी खास पाटी आहे, चालकाशेजारीं कोणी मांडीवर संगणक उघडून बसलेला आहे काय, इतक्या गोष्टी तो एका दृष्टिक्षेपांत टिपतो. आणि सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे पाठीवरचें ओझें. विक्रीचा माल नेणारी गाडी बंद पेटींत माल नेते. परीक्षेच्या गाडीवर पुष्कळदां उघड्या फळीवर काँक्रीटचे मोठमोठे ठोकळे लादलेले असतात. काँक्रीट कोणाला पोहोंचवावयाचें नसतें. तें केवळ वजन म्हणून हिंडत असतें.

कंपन्याही कांहीं स्वस्थ बसत नाहींत. गाडीचा आकार ओळखूं येऊं नये म्हणून तिच्यावर काळ्यापांढऱ्या वेटोळ्यांचा कागद चिकटवितात. हा कागद गाडी लपवीत नाहीं. उलट ती अधिकच नजरेंत भरते. पण कडा कोठें संपते, खांच कोठें आहे, फुगवटा कोठें आहे हें डोळ्यांना व कॅमेऱ्याला उमगत नाहींसें होतें. पहिल्या महायुद्धांत, १९१७ सालीं, नॉर्मन विल्किन्सन या इंग्रज चित्रकाराच्या सूचनेवरून जहाजांवर असेच वेडेवांकडे पट्टे रंगविण्यांत आले होते. पाणबुडीच्या माणसाला जहाज कोणत्या दिशेनें व किती वेगानें जात आहे हें कळूं नये, एवढाच हेतु. त्याचेंच हें भूतलावरील रूप.

याहून चतुर युक्ति रिव्हियन या नव्या अमेरिकन कंपनीनें केली. तिची विजेची पिकअप नोव्हेंबर २०१८ मध्यें लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. परंतु त्याआधींच तिचीं यंत्रें रस्त्यावर फिरत होतीं, आणि तीं फोर्ड कंपनीच्या एफ-१५० या अमेरिकेंत घरोघर दिसणाऱ्या गाडीचें कवच पांघरून! नंतर याच कंपनीनें आपल्या विक्रीपूर्व दोन गाड्या उघड्या तोंडानें दक्षिण अमेरिकेच्या अगदीं टोंकाला असलेल्या उशुआया गांवापासून लॉस एंजेलिसपर्यंत सुमारे १३,००० मैल चालविल्या. २०१९ सालीं झालेल्या त्या प्रवासाची चित्रमालिका पुढें पडद्यावर आली. पहिली गाडी गिऱ्हाइकासाठीं कारखान्याबाहेर पडली ती सप्टेंबर २०२१ मध्यें. टेस्ला कंपनीची सायबरट्रक नांवाची कोनाकोनाची पोलादी पिकअप २०२३ मध्यें विक्रीच्या तोंडावर असतां तिच्यावरही त्याच फोर्डच्या गाडीचें चित्र रंगविलेलें लोकांनीं पाहिलें. मात्र तो उघडउघड थट्टेचा प्रकार होता. हत्तीच्या पाठीवर बैलाचें चित्र काढावें तशांतला!

या सायबरट्रकचा इतिहास रंगमंच आणि रस्ता यांतील अंतर दाखविण्यास फार उपयोगी आहे. नोव्हेंबर २०१९ मध्यें ती प्रथम प्रकाशांत आली त्या वेळीं तिची कांच न फुटणारी आहे असें दाखविण्यासाठीं तिच्यावर धातूचा गोळा फेंकण्यांत आला आणि कांच सर्वांदेखत तडकली. मंचावरील त्या गाडीला बाजूचे आरसे नव्हते व पाऊस पुसणारा वायपरही दिसत नव्हता. मोठें सुबक रूप! पण कायदा आरसे मागतो व पाऊस वायपर मागतो. दोन वर्षांनीं तीच गाडी कारखान्याच्या धांवपट्टीवर आकाशांतून टिपली गेली तेव्हां तिच्या कांचेवर एक भला मोठा एकुलता एक वायपर आडवा पडलेला होता, आणि आरसेही आले होते. मंचावर किंमत सांगितली होती सुमारे ४०,००० डॉलरपासून. नोव्हेंबर २०२३ अखेर विक्रीस आरंभ झाला तेव्हां जाहीर झालेली सर्वांत खालची किंमत ६०,००० डॉलरच्या पलीकडे होती. मंचावरचें रूप बदलतें आहे हें ज्यांनीं रस्त्यावर नजर ठेवली त्यांना आधींच कळलें होतें. ज्यांनीं फक्त भाषण ऐकलें त्यांना उशिरां कळलें.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. १६ नोव्हेंबर २०१७ रोजीं टेस्ला कंपनीनें 'सेमी' नांवाची आपली विजेची अवजड मालमोटार कॅलिफोर्नियांतील हॉथॉर्न येथें लोकांना दाखविली. दावे मोठे होते. मालासह एकूण ८०,००० पौंड, म्हणजे आपले सुमारे ३६ टन, वजन घेऊन ही गाडी एका भरणींत ५०० मैल जाईल, आणि तेवढ्याच वजनासह २० सेकंदांत ताशी ६० मैलांचा वेग घेईल, असें सांगण्यांत आलें. उत्पादन २०१९ मध्यें होईल असें वचन दिलें. मोठमोठ्या कंपन्यांनीं गाड्या नोंदविल्या. पेप्सिकोनें एकट्यानें १०० नोंदविल्या. आरंभीं एका गाडीमागें ५,००० डॉलर अनामत ठेवावी लागे, ती लौकरच २०,००० झाली. पुढें २०१९ गेलें, २०२० गेलें, २०२१ गेलें. पहिल्या गाड्या पेप्सिकोच्या हातांत पडल्या त्या १ डिसेंबर २०२२ रोजीं. म्हणजे वाग्दान व कन्यादान यांत पांच वर्षें!

या पांच वर्षांत सामान्य माणसाजवळ पुरावा कोणता होता? कंपनीचें म्हणणें, आणि रस्त्यावर दिसणारी ती गाडी. मार्च २०१८ मध्यें दोन सेमी गाड्या नेव्हाडा प्रांतांतील बॅटरीच्या कारखान्यांतून बॅटऱ्या भरून कॅलिफोर्नियांतील फ्रीमॉण्टच्या मोटार-कारखान्याकडे निघाल्याचें चित्र कंपनीच्या प्रमुखांनींच प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें एक गाडी आर्कान्सॉ प्रांतांत एका वाहतूक कंपनीच्या दारांत उभी दिसली; ती सोबतीला दुसरें वाहन न घेतां, लहान मोटारींसाठीं असलेल्या चार्जिंगच्या जागांवरून व एका लांबविण्याच्या वायरीवर निभावून तेथवर आली, असें सांगण्यांत आलें. मोटारींच्या अड्ड्यावर ही धिप्पाड गाडी आडवी उभी आणि अनेक नळ्या एकाच वेळीं तिला जोडलेल्या, असें दृश्य लोकांनीं टिपलेलें आहे. एखाद्या पैलवानाला अर्भकांच्या चार बाटल्यांनीं दूध पाजावें तसें तें दिसतें. हंसूं येतें, पण त्या चित्रांत एक मोठी माहिती होती. गाडी तयार होत होती, तिच्या पोटाला पुरेल असा अड्डा मात्र तयार नव्हता.

परंतु चार्जिंगपेक्षांही ज्या एका ठिकाणचें दर्शन आम्हांला निर्णायक वाटतें तें ठिकाण म्हणजे डॉनर घाट. नेव्हाडाच्या कारखान्याहून कॅलिफोर्नियाकडे येणारा महामार्ग क्रमांक ८० सिएरा नेव्हाडा पर्वत ओलांडतो तो या घाटानें. माथ्यावर उंची ७,२३९ फूट. आपल्या लोणावळ्याच्या साडेतीन पट. १८४६-४७ च्या हिंवाळ्यांत ज्या वसाहतवाल्यांच्या तांड्यावरून या घाटाला नांव पडलें तो तांडा येथील बर्फांत अडकला आणि त्यांतील निम्म्याच्या आसपास माणसें प्राणास मुकलीं. आजही हिंवाळ्यांत तेथें पुष्कळदां चाकांना साखळ्या बांधल्यावांचून पुढें सोडीत नाहींत. पश्चिमेकडून चढूं लागलें तर सॅक्रामेंटो शहर जवळजवळ समुद्रसपाटीला आहे, आणि तेथून सुमारे ९० मैलांत हा माथा गांठावयाचा असतो.

येथें थोडें गणित केल्यास हरकत नसावी. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांना तें अपरिचित नाहीं. ३६ टन वजन ७,२०० फूट वर उचलावयाचें म्हणजे, घर्षण व वारा अजीबात सोडून दिला तरी, केवळ उंचीपोटीं सुमारे २१७ युनिट वीज लागते. दिवे, पंखे, मिक्सर, शीतपेटी व इस्त्री धरून एखाद्या मध्यम कुटुंबाचें महिन्याचें बिल साधारण एवढ्याच युनिटांचें येतें! त्यांत त्या ९० मैलांचा रोजचा खर्च मिळवावा. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणें तो मैलाला २ युनिटांच्या आंत आहे. म्हणजे आणखी पावणेदोनशें. एकंदर चारशेंच्या घरांत युनिटें एका चढावांत गेलीं. उतरतांना मोटरच उलट जनित्राचें काम करते, चाकांचा वेग रोखते व कांहीं वीज परत बॅटरींत भरते. डिझेलची गाडी मात्र वर चढण्यासाठीं खर्चिलेलें सारें उतारावर ब्रेकच्या उष्णतेंत उधळून टाकते. घाटाच्या पायथ्याशीं जो जळका वास येतो तो त्याचाच. असा हा घाट आहे. भरलेली मालमोटार तो स्वतःच्या बळावर चढतांना दिसली तर तिच्यासंबंधीं कांहीं तरी सिद्ध झालें असें समजावयास हरकत नाहीं.

आमचा एक नातू फ्रीमॉण्ट येथें नोकरीस आहे. त्या गांवीं मराठी कुटुंबें पुष्कळ आहेत. २०२१ च्या हिंवाळ्यांत ही सर्व मंडळी बर्फ पाहण्यास त्याच घाटानें गेलीं होतीं. रात्रीं त्याचा फोन आला.

"आजोबा, आज ती विजेची मालमोटार दिसली. आमच्या शेजारूनच गेली."

"चढत होती कीं उतरत होती?"

"चढत होती. असें कां विचारतां?"

"पाठीवर कांहीं होतें कां रे?"

"सिमेंटचे ठोकळे होते. आणि आजोबा, आम्हांला मागें टाकून गेली!"

एवढें ऐकून आमचें समाधान झालें. 'चढत होती कीं उतरत होती' हा प्रश्न त्याला विक्षिप्त वाटला असावा. पण त्या प्रश्नामागें दुसऱ्या एका मालमोटारीची कथा आहे, व ती आम्हीं मुद्दाम शेवटाकडे राखून ठेवली आहे.

ती कथा अशी. निकोला नांवाच्या अमेरिकन कंपनीनें डिसेंबर २०१६ मध्यें युटा प्रांतांतील सॉल्ट लेक सिटी येथें 'निकोला वन' ही मालमोटार मंचावर आणली. हायड्रोजनपासून वीज करून तिच्यावर चालणारी ही गाडी आहे असें सांगितलें गेलें. जानेवारी २०१८ मध्यें कंपनीनें एक छोटें चलच्चित्र प्रसिद्ध केलें. ओसाड माळ, सरळ रस्ता आणि त्यावरून भरवेगानें येणारी ती पांढरी सुंदर गाडी! लोकांना वाटलें, गाडी चालते. जून २०२० मध्यें कंपनीचे भाग शेअरबाजारांत आले आणि त्याच महिन्यांत त्यांचें एकूण मूल्य थोडा वेळ फोर्ड कंपनीच्याही वर गेलें. तोंवर एकही गाडी विकलेली नव्हती! सप्टेंबर २०२० मध्यें हिंडेनबर्ग रिसर्च या संस्थेनें अहवाल काढला. पुढें २०२३ मध्यें अदानी समूहावरील अहवालामुळें आपल्याकडे घरोघर पोहोंचलेली हीच ती संस्था. ती आतां बंद झालेली आहे. भावांच्या पडझडीवर पैसा मिळविणारी ती संस्था होती, तेव्हां तिचें बोलणें निःस्वार्थ नव्हतें. पण तिनें रस्ता शोधून काढला. युटामधील तो रस्ता सपाट दिसतो, परंतु तो शंभर फुटांस सुमारे तीन फूट असा सलग दोन मैल उतरता आहे. गाडी ओढून वरच्या टोंकाला नेली होती व तेथून सोडून दिली होती. ती चालत नव्हती, घरंगळत होती.

कंपनीनें उत्तर दिलें तें ऐकण्यासारखें आहे. गाडी स्वतःच्या शक्तीनें चालत आहे असें आम्हीं कधींच म्हटलें नव्हतें; 'गतिमान' एवढेंच म्हटलें होतें! न्यायशास्त्रांत यास सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात. गति आहे म्हणून आंत बळ आहे, हें अनुमान वरवर बरोबर दिसतें. पण डोंगरावरून सुटलेल्या धोंड्यालाही गति असते, आणि त्याच्या आंत यंत्र नसतें. हेतु जेथें असतो तेथें साध्य असेलच असें नाहीं. हें सूत्र विद्यार्थ्याला पाठ करावयास लावलें कीं तो कंटाळतो. पण तें माहीत नसल्याची किंमत येथें हजारों छोट्या गुंतवणूकदारांनीं आपल्या पुंजींतून दिली. कंपनीचे संस्थापक ट्रेव्हर मिल्टन यांना ऑक्टोबर २०२२ मध्यें ज्यूरीनें फसवणुकीबद्दल दोषी ठरविलें, डिसेंबर २०२३ मध्यें चार वर्षांची शिक्षा झाली, आणि मार्च २०२५ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीं त्यांना पूर्ण माफी दिली. कंपनीनें मधल्या काळांत खऱ्या चालणाऱ्या कांहीं मालमोटारी बनवून विकल्याही. पण फेब्रुवारी २०२५ मध्यें तिनें दिवाळखोरीसाठीं अर्ज केला. माफी मिळाली म्हणून उताराचा चढ झाला नाहीं, एवढें म्हणून आम्ही पुढें जातों.

दोन गाड्या, दोन्ही मंचावर सुंदर, दोन्हींचीं वचनें मोठीं. एक घाटावर वारंवार दिसली, परक्या माणसांना, ठोकळ्यांसह, धुकें व बर्फ असतां, चढतांना. दुसरी दिसली ती कंपनीच्या चित्रांत, एकाच रस्त्यावर, एकाच दिशेनें. सन २०१८ मध्यें ज्याच्याजवळ दुसरी कांहीं माहिती नव्हती त्यालाही एवढ्यावरून दोहोंतला भेद करतां आला असता. पहिली उशिरां आली, तीन वर्षें वचन चुकवून आली, पण आली. सप्टेंबर २०२३ मध्यें नॉर्थ अमेरिकन कौन्सिल फॉर फ्रेट एफिशिअन्सी या संस्थेनें मांडलेल्या सार्वजनिक चांचणींत पेप्सिकोच्या एका सेमीनें वाटेंत चार्जिंग घेत एका दिवसांत १,००० मैलांहून अधिक वाट कापल्याची नोंद झाली, आणि ती नोंद कंपनीच्या बाहेरच्यांनीं ठेवली होती.

तथापि या निरीक्षकांना सरसकट आप्त मानावें असें आमचें म्हणणें नाहीं. जें जसें आहे तें तसें सांगतो तो आप्त. यांपैकीं कित्येकांजवळ त्याच कंपनीचे भाग असतात, कित्येकांना चित्र जितकें अधिक पाहिलें जाईल तितका पैसा मिळतो. त्यामुळें एखाद्या चित्राचें वर्णन उत्साहानें फुगलेलें असूं शकतें. चित्र पाहावें, वर्णनाला थोडी कात्री लावावी. गाडीचा पाठलाग करणारे, घाटांत तिच्या पुढेंमागें मोटार घालून हातांत फोन धरणारे जे महाभाग आहेत त्यांच्याविषयीं तर बोलावयासच नको.

आणि आणखी एक पक्ष आहे. त्याला कोणी विचारीत नाहीं. रस्ता सर्वांचा आहे. जी गाडी अजून परीक्षेंत आहे, जिच्या बॅटरीचा स्वभाव पुरता कळलेला नाहीं, ती आमच्या मुलांबाळांच्या मोटारीशेजारून जाते, याला आमची संमति कोणी घेतली? १९ ऑगस्ट २०२४ रोजीं पहांटे त्याच महामार्ग ८० वर, त्याच घाटाच्या पश्चिम उतरणीवरील एमिग्रंट गॅप गांवाजवळ, टेस्लाचाच नोकर चालवीत असलेली एक सेमी रस्ता सोडून झाडावर आदळली व तिच्या बॅटरीनें पेट घेतला. प्राणहानि झाली नाहीं. पण ती विझविण्यास व थंड ठेवण्यास ५०,००० गॅलन पाणी लागलें. आपल्याकडील १० हजार लिटरच्या टँकरांनीं मोजल्यास एकोणीस टँकर. विमानांतून अग्निरोधक द्रव्य टाकावें लागलें व महामार्ग सुमारे १५ तास बंद राहिला. तेव्हां ही गाडी बाजारांत आलेली होती, परीक्षेंतील नव्हती. पण विजेच्या अजस्र गाडीला आग लागली तर काय काय करावें लागतें हें धड्यासारखें त्या दिवशीं कळलें, आणि तें घाटांत उभ्या राहिलेल्या शेंकडों कुटुंबांना सक्तीनें शिकावें लागलें. डिझेलच्या गाड्याही पेटतात, हें खरें. त्या विझविण्याची रीत मात्र अग्निशामक दलाला जुनी व ठाऊक असते. म्हणून सार्वजनिक रस्त्यावर परीक्षा होऊंच नये असें आम्ही म्हणत नाहीं. ती झाली नाहीं तर उताराचींच चित्रें पाहावीं लागतील. वाटेवरील अग्निशामकांना आधीं कळवावें व परीक्षेची गाडी परीक्षेची म्हणून ओळखूं यावी, एवढी मागणी रास्त आहे.

आपल्याकडे ओळखण्याची थोडी सोय आहे. उत्पादकाच्या ताब्यांतील, अद्याप नोंदणी न झालेल्या गाडीवर बहुधा लाल पाटी व तिच्यावर पांढरीं अक्षरें असतात. नोंदणी झालेल्या विजेच्या गाडीची पाटी हिरवी असते. खाजगी असल्यास अक्षरें पांढरीं, भाड्याची असल्यास पिंवळीं. पुण्याच्या आसपास राहणाऱ्या वाचकांना तर हें दृश्य पाहावयास लांब जावें लागत नाहीं. पिंपरी-चिंचवड व चाकण हा सारा मुलूख मोटारींच्या कारखान्यांचा, आणि वाहनांची तपासणी करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ सालीं स्थापन झालेली, कोथरूडच्या टेकडीवर. मुंबईहून येतांना बोरघाटांत उजवीकडे-डावीकडे पाहत राहिलें तर काळ्यापांढऱ्या वेटोळ्यांत गुंडाळलेलें एखादें वाहन एकाद्या वेळीं दिसतें.

लाल पाटीची अवजड गाडी दिसली तर धुराड्याचा नळ आहे काय, पाठीवर काय लादलें आहे, आणि ती खोपोलीकडून खंडाळ्याकडे चालली आहे कीं उलट, हें पाहावें. द्रुतगति मार्गावर मोटार थांबविण्यास मनाई आहे, तेव्हां चित्र काढण्याचें काम चालविणाऱ्यानें करूं नये. तें मागें बसलेल्या मुलांकडे सोंपवावें, आणि त्यांना आधींच खिडकीशीं बसवावें.